गमच्या मिक्सरला कोशर करताना

आमच्या च्युइंगगमच्या पाकिटावर हिरवा ठिपका पहिल्यापासून आहे. त्यामुळे परदेशी ग्राहकाने 'कोशर सर्टिफिकेट पाठवा' (म्हणजे माल ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसतो याचा दाखला) म्हटल्यावर मी मार्केटिंगला छातीठोकपणे सांगितलं, पंधरा दिवसांत देतो. लागले सात महिने.

पहिली फजिती कागदावरच झाली. गम बेस, साखर, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, पुदिन्याचा फ्लेवर, असा मोजून आठ-नऊ प्रकारचा माल. पण सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीला प्रत्येकाचं वेगळं कोशर पत्र हवं होतं, तेही ज्या कारखान्यात तो बनला त्या कारखान्याचं. एकेकाळी मेक्सिकोकडे चिकूच्या झाडाच्या चिकापासून गम बेस करत. आता त्यात पॉलिमर, राळ, मेण आणि मऊपणासाठी स्टिअरिक अ‍ॅसिड असतं. ते पामतेलातून निघतं तसं गुरांच्या चरबीतूनही निघतं. ग्लिसरीनचंही तेच. पुरवठादाराने लेटरहेडवर 'शंभर टक्के व्हेजिटेबल' लिहून दिलं. उलट प्रश्न आला, टँकरमधून त्याआधी काय गेलं होतं? फ्लेवरवाले तर घटक सांगायलाच तयार नव्हते. शेवटी त्यांनी यादी माझ्या हाती न देता थेट एजन्सीकडे पाठवली.

मग एजन्सीचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, तपासणीला येणार असं ठरलं. (स्टोअरमधल्या पोराला आधी गहू-हरभराच आठवला.) जेवायला काय द्यायचं यावर दोन मीटिंगा झाल्या. त्यांनी स्वतःचे डबाबंद मासे आणले होते, आमच्याकडची फक्त केळी घेतली.

"चघळून थुंकायचीच वस्तू ना, गिळतं कोण?" मी विचारून घेतलं. रबर थुंकता, चव पोटात जाते, म्हणाले. स्टिअरिक अ‍ॅसिड किती नगण्य असतं, हेही सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर, चुकून पडलेली वस्तू साठपट मालात विरली तर बहुतेक वेळा चालते, पण मुद्दाम घालून 'थोडीच आहे' म्हणता येत नाही.

मिक्सरमध्ये ते जेमतेम डोकावले. मग जॅकेटला, म्हणजे मिक्सरभोवतीच्या गरम पाण्याच्या कप्प्याला, येणाऱ्या पाइपवर बोट ठेवलं आणि त्याच्यामागून चालू लागले; भिंतीपलीकडे, लोखंडी जिन्याने वर, थेट गरम पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथून दुसरा पाइप जेलीच्या लाइनला जातो. आमच्या जेलीत जिलेटिन असतं, जनावरांच्या हाडा-कातडीतून काढलेलं. दोन्हीकडचं पाणी परत त्याच टाकीत.

मी वाद घातला. जॅकेटमधलं पाणी मालाला लागतच नाही, मध्ये पोलादाचा पत्रा आहे. त्यांनी जेलीकडून परत येणाऱ्या पाइपवर तळहात टेकवला आणि झटकन काढला. "ऊब तर आली ना इथवर?"

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, त्यामुळे हे प्रकरण मला ओळखीचं निघेल असं वाटलं होतं. पण आजीचं सोवळं शिवण्याने मोडायचं. इथे गार, कोरड्या वस्तू एकमेकींना लागल्याने फारसं बिघडत नाही. गरम भांडं मात्र चव पितं आणि पुढच्या गरम मालात सोडतं.

उपाय दोन होते. टाकीच्या पाण्यात कडवट द्रव्य घालायचं, म्हणजे त्यात उतरलेली चव नासते. नाहीतर लाइनच वेगळी करायची. पहिलं ऐकून मेंटेनन्सवाल्यांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्या उपायाच्या खर्चावर सही व्हायला दोन महिने गेले.

आता मिक्सर. आधी तो लख्ख हवा, आणि गम त्याच्या पात्यांना असा धरून बसतो की गरम पाण्याने उलट जास्तच चिकट होतो. आमच्या ऑपरेटर मामांनी बर्फाची लादी फोडून आत टाकली. गार पडल्यावर गम कडक झाला, मग लाकडी पट्टीने तडतड सुटून आला. त्यानंतर चोवीस तास मिक्सर रिकामा. मग काठोकाठ पाणी, त्यात इमर्शन हीटर सोडून उकळी. रब्बी शेजारी स्टूल घेऊन बसले होते. काठावरून पाणी सांडलं, सगळ्यांचे बूट भिजले, तेव्हा कुठे मान हलवली.

सर्टिफिकेट एका वर्षाचं आलं, सोबत मंजूर मालाची यादी, उत्पादकाच्या नावासकट. चार महिन्यांनी परचेसने स्वस्त मिळतंय म्हणून दुसऱ्याच कंपनीच्या ग्लिसरीनचे सहा ड्रम उतरवून घेतले. माझं नशीब, आवक तपासताना ते दिसले आणि मी त्यांना लाल 'होल्ड' पट्टी गुंडाळली.

दोनच दिवसांनी गेटवरून फोन, "साहेब, ते टोपीवाले आलेत." न कळवता. ऑफिसात न येता ते थेट स्टोअरमध्ये गेले. ड्रमवरचं लेबल वाचलं, लाल पट्टी पाहिली, आणि केळी आहेत का विचारलं.