चार शहरं, चार हंगाम आणि एकच डाय

आयफेल टॉवरला ऋतू नसतो. जानेवारीत जसा, तसाच जूनमध्ये. म्हणून शहरांवर बेतलेलं हंगामी पॅकिंग करायला घेतलं आणि खोक्यावर टॉवर, चारमिनार, गेटवे छापून मोकळे झालो, की शहर येतं पण हंगाम बाहेरच राहतो. (टॉवरच्या रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क आहे, व्यावसायिक छपाईला परवानगी लागते, हे वेगळंच.) त्याऐवजी प्रत्येक शहराच्या दोनच गोष्टी घ्याव्यात: वर्षभर दिसणारा एक पृष्ठभाग, आणि त्यावर फक्त त्या महिन्यात दिसणारी एक वस्तू. तिसरी आली की खोकं पर्यटन खात्याचं पोस्टर होतं.

उदाहरण म्हणून चॉकलेटचं ड्रॉवरसारखं खोकं घेऊ. आतला ट्रे चारही शहरांना एकच, बदलते ती वरची स्लीव्ह, म्हणजे दोन्ही टोकांना उघडं असलेलं वेष्टन. राखीला मुंबई, दिवाळीला मेक्सिको सिटी, नाताळ-नववर्षाला क्योटो, मे-जूनला लिस्बन.

आधी मापं, कारण चित्र मापावरूनच ठरतं. स्लीव्ह क्रीज ते क्रीज (क्रीज म्हणजे घडीसाठी दाबलेली रेघ) १२० मिमी रुंद, ३६ मिमी उंच, १८० मिमी लांब. तिन्ही आकड्यांना १२ ने पूर्ण भाग जातो, आणि त्याचा फायदा पुढे टाइल्सना होतो. ट्रे बाहेरून ११९ बाय ३५ ठेवावा. त्याहून घट्ट झाला तर दमट हवेत ड्रॉवर अडकतो, सैल झाला तर खोकं उभं धरताच ट्रे घसरून बाहेर येतो. १५ मिमीचा पेस्टिंग फ्लॅप, म्हणजे चिकटवायची पट्टी, धरून उलगडलेली स्लीव्ह ३२७ बाय १८० होते. चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून जादा छपाई) दिलं की ३३३ बाय १८६.

२८ बाय ४० इंची शीटवर, म्हणजे ७११ बाय १०१६ मिमीवर, अशा दहा स्लीव्ह बसतात: शेजारी-शेजारी उभ्या पाच रांगा, प्रत्येकीत वर-खाली दोन. चार शहरांना ३-३-२-२ अशी वाटणी करायचा मोह होतो, पण करू नये. ऑफसेट मशिनवर शाईचा पुरवठा मशिनच्या रुंदीत पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त करतात, आणि एका पट्ट्यातली शाई शीट ज्या दिशेने जातं त्या दिशेने सरळ खाली उतरते. एकाच रांगेत वर लिस्बनचा गर्द निळा आणि खाली क्योटोचा मोकळा कागद आला, तर मशिनमनला दोघांपैकी एकालाच न्याय देता येतो. एका रांगेत एकच शहर ठेवावं. मग वाटणी आपोआप ४-२-२-२ होते, आणि चारचा वाटा दिवाळीला देता येतो. ५०० चांगल्या शीटमधून दिवाळीच्या २००० आणि बाकी तिघांच्या हजार-हजार स्लीव्ह निघतात. छपाई, लॅमिनेशन, यूव्ही (ठरावीक जागी दिलेला चकचकीत थर) आणि पंचिंग (डाय या साच्याने कापणं आणि क्रीज पाडणं), प्रत्येक टप्प्यावर काही शीट जाणारच; १०० जास्तीच्या धराव्यात.

बोर्ड ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड. ग्रेन, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा, स्लीव्हच्या घेराभोवती जाईल असा मागवावा, म्हणजे या मांडणीत २८ इंची बाजूला समांतर. उलटा आला तर वरचा पृष्ठभाग फुगतो. ग्रेनला आडवी घडी तडकण्याची भीती जास्त, म्हणून क्रीज नीट हवी: बोर्डाच्या जाडीची दीडपट अधिक क्रीजिंग रूलची (क्रीज दाबणाऱ्या पोलादी पट्टीची) जाडी, एवढी खालच्या खाचेची रुंदी. ०.४८ मिमी बोर्ड आणि ०.७१ मिमी रूल धरला तर सुमारे १.४ मिमी.

आता लिस्बन. तिथल्या भिंतींवरच्या अझुलेजो टाइल्स साधारण १४ सेंटिमीटरच्या चौकोनी असतात आणि बऱ्याच नक्ष्यांत चार टाइल्स जुळल्यावर एक फूल पूर्ण होतं. (जवळून पाहायच्या तर पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेत जावं.) खोक्यावर १२ मिमीची टाइल घेतली की वर १० बाय १५ आणि बाजूला ३ टाइल्स बिनतोड बसतात. पण टाइलची सांध्याची रेघ नेमकी क्रीजवर आणू नये. पंचिंगमध्ये अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, आणि क्रीजला लागून सरळ रेघ असली की तो लगेच डोळ्यांत भरतो. सगळी नक्षी ६ मिमी सरकवून क्रीज टाइलच्या मधोमध न्यावी. रेघा हाताने काढलेल्या, किंचित थरथरत्या ठेवाव्यात. मूळ टाइल्स तशाच असतात आणि छपाईतला फरकही त्यात लपतो. निळ्याला सायन (छपाईचा निळा) १०० टक्के, मॅजेंटा (गुलाबी) ६५. मॅजेंटा त्यापुढे गेला की निळा जांभळट होतो, मॅट लॅमिनेशनखाली तर जास्तच.

मात्र टाइल्स बारमाही. जून येतो तो मांजेरिकूने. १२ जूनच्या रात्री संत अँथनीचा उत्सव असतो. तेव्हा बारीक पानांच्या या तुळशीच्या कुळातल्या झाडाची कुंडी भेट देतात, तिच्यात कागदी कार्नेशन आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. एवढ्या निळ्यात एकच हिरवी कुंडी, तीही कोपऱ्यात.

मेक्सिको सिटीसाठी पापेल पिकादो, म्हणजे छिन्नीने कोरलेल्या पातळ कागदाच्या पताका. हंगाम झेंडूचा. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांचा दिवस पाळतात आणि पूर्वजांच्या वेदीवर झेंडू वाहतात. झेंडू मूळचा तिकडचाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो बाहेरून आला; त्यामुळे दिवाळीच्या खोक्यावर हे शहर उपरं वाटत नाही. कवट्या मात्र वगळाव्यात. तिथे त्या प्रेमाने मांडतात, पण त्यांचा संबंध पितरांशी आहे आणि हे खोकं लक्ष्मीपूजनाच्या ताटाशेजारी ठेवलं जाणार आहे.

झेंडूचा केशरी छपाईच्या नेहमीच्या चार रंगांत निघत नाही, मळका होतो. मशिनच्या पाचव्या युनिटवर पँटोन ऑरेंज ०२१ हा तयार शाईचा रंग लावावा; तो लागतो या शहराच्या दोनच रांगांना, म्हणून त्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात. कोरीवकामाला लेझर वापरला तर पांढऱ्या बोर्डाच्या कडा करपतात आणि दोन हजार नगांना वेळही फार जातो. डायमध्येच जादा रूल, म्हणजे कापणारी पाती, बसवावेत, पण भोक ४ मिमीपेक्षा आणि दोन भोकांमधली पट्टी २ मिमीपेक्षा लहान नको. बारीक भोकात कापलेला तुकडा ढकलणारं रबर बसत नाही, तुकडा अडकून राहतो आणि एकेक टोचून काढावा लागतो. रूल बोथट असला तर लॅमिनेशनचे धागे कडेला लोंबतात. क्रीजपासून ८ मिमी आत कोरीवकाम थांबवावं, नाहीतर स्लीव्ह तिथेच खचते. भोकांमधून आतलं दिसणार, म्हणून चॉकलेटवर केशरी टिश्यूची घडी घालावी. रंगीत टिश्यू खाद्यपदार्थाला थेट लागू नये. मध्ये बटर पेपर हवा.

क्योटोला काम सगळ्यात कमी, आणि तेच सगळ्यात अवघड. २००७ सालच्या धोरणाने या शहराने इमारतींची उंची मध्यभागी ४५ वरून ३१ मीटरवर आणली आणि छतांवरच्या जाहिरातींना बंदी घातली. भडक लाल पाट्या तिथे तपकिरी होतात. खोकंही तसंच रिकामं ठेवायला हवं, आणि रिकाम्या जागेला ग्राहक कंपनीची हमखास हरकत येते. पृष्ठभाग म्हणून जुन्या माचिया घरांच्या लाकडी जाळ्या घ्याव्यात. धाग्याचं दुकान, दारूचं, तांदळाचं, प्रत्येकाची जाळी वेगळ्या धाटणीची. १ मिमी गज आणि २ मिमी फट, असे गज क्रीजला काटकोनात काढावेत. क्रीजला समांतर काढले तर पंचिंगमधला जरासा तिरकेपणाही उघडा पडतो. नोव्हेंबरअखेरचं मेपलचं पान एकच, तेही जाळीवर नाही: ४० मिमी रुंद, ११० जीएसएमच्या कोटिंग नसलेल्या कागदाच्या पट्टीवर. चारही शहरं एकाच शीटवर असल्यामुळे मॅट लॅमिनेशन सगळ्यांना लागतं. बोटांना कागदाचा खरखरीतपणा या पट्टीतूनच मिळतो.

मुंबईचा पृष्ठभाग म्हणजे मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती: गोल वळणाच्या गॅलऱ्या, खिडक्यांवरचे छज्जे, आडव्या पट्ट्या. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींबरोबर त्या युनेस्कोच्या यादीत गेल्या. पावसाळा दाखवायला छत्री नको. गच्चीवरची निळी ताडपत्री पुरे. पावसाच्या तिरप्या रेघा रंगात न छापता मॅट लॅमिनेशनवर स्पॉट यूव्हीने द्याव्यात, म्हणजे खोकं उजेडात तिरकं धरल्यावरच दिसतात. रेघ ०.५ मिमीपेक्षा बारीक नको, आणि क्रीजपासून ३ मिमी दूर थांबवावी, नाहीतर घडीवर यूव्ही तडकते. ढगाळ राखाडी काळ्या शाईतूनच काढावा, सोबत थोडा सायन. तीन रंगांतून जमवलेला राखाडी शंभर शीटनंतर गुलाबी व्हायला लागतो.

खालची बाजू चौघांची एकसारखी. घटक, पोषणमूल्यं, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, सगळं फक्त काळ्या प्लेटवर ठेवावं. पुढच्या वर्षी मजकूर बदलला तर एकच प्लेट बदलते. वरची बाजू २१६ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणून शाकाहारी चिन्हाचं वर्तुळ किमान ४ मिमी व्यासाचं आणि त्याचा चौकोन त्याच्या दुप्पट बाजूचा लागतो. तारीख, बॅच आणि किमतीच्या शिक्क्यासाठी ४० बाय २० मिमी पांढरी जागा सोडावी. पेस्टिंग फ्लॅपवर लॅमिनेशन येत असल्याने साधा गोंद धरत नाही; डायमध्ये फ्लॅपला दातेरी रूल लावून टोचे पाडावेत, म्हणजे गोंद बोर्डात उतरतो.

२०२६ चं वेळापत्रक राखीवरून ठरतं: २८ ऑगस्ट. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत शीट छापून हव्यात, ऐन पावसात. बोर्ड वेष्टनातच एक दिवस प्रेसमध्ये राहू द्यावा. लॅमिनेशननंतर शीट फिल्मच्या बाजूला वळतात, कारण बोर्ड ओलावा पिऊन पसरतो आणि फिल्म पसरत नाही. दोन-तीन दिवस वजनाखाली ठेवून मगच पंचिंगला घ्याव्यात. दिवाळीच्या स्लीव्हचं पेस्टिंगसुद्धा १४ सप्टेंबरच्या आत उरकावं. त्या दिवशी गणपती बसतात, आणि आधीच्या आठवड्यातच निम्मा प्रेस कोकणात गेलेला असतो.

लिस्बनच्या हजार स्लीव्ह पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबणार. त्या पंच करून, पेस्टिंग न करता, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवाव्यात. चिकटवलेली स्लीव्ह आठ-नऊ महिने दाबून राहिली की तिच्या घड्या सपाट बसतात. मग ती चौकोनी उघडत नाही आणि ट्रे सरकवताना कोपरे फाटतात. त्यांचं पेस्टिंग एप्रिलमध्ये.