आमची वाटचाल: आधी कागद, मग प्लॉट

मी डीएमएलटी केलेली लॅब टेक्निशियन. नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 16 वर्षं रक्त घेतलं, स्लाइड पाहिल्या, रिपोर्ट काढले. आज मानेवाडा रोडवर आमचं प्लॉट-फ्लॅटच्या व्यवहारांचं छोटं ऑफिस आहे. मी, फाइली आणि हिशेब सांभाळणारी माझी भाची आणि साइट दाखवायला जाणारा एक मुलगा, एवढेच आम्ही तिघं.

या कामाची ओळख झाली ती बाबांच्या प्लॉटमुळे. 1994 साली त्यांनी हुडकेश्वरकडे 30 बाय 50 चा, म्हणजे 1,500 चौरस फुटांचा प्लॉट एका सोसायटीकडून घेतला होता. हातात काय, तर पावत्या, कब्जापत्र आणि लेआउटचा घडीवर फाटलेला नकाशा. जमीन शेतीची, एनए म्हणजे बिगरशेती झालेली नाही, लेआउटला मंजुरी नाही. नागपुरात असे कितीतरी प्लॉट विकले गेले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करून घ्यायची वाट मिळाली. म्हणून इथे प्लॉटचा विषय निघाला की माणूस आधी विचारतो, '572 मधला की 1900 मधला?' नियमित करायला घेतलेल्या लेआउटची ही संख्या, त्यावरूनच इथे त्या याद्या ओळखतात. आणि दुसरा प्रश्न, 'आरएल आहे ना?' विकास शुल्क भरल्यावर नागपूर सुधार प्रन्यासकडून, म्हणजे शहराच्या विकास संस्थेकडून, मिळणारं हे पत्र नसेल, तर बँक कर्जाला हात लावत नाही आणि घराचा नकाशाही पुढे सरकत नाही.

2016 ला बाबा गेले आणि ती फाइल माझ्याकडे आली. लॅबमधून हाफ डे घेऊन दोन वर्षं फिरले. सातबारा, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत, विकास शुल्काची डिमांड भरल्याची पावती, एकेक कागद जमवला. 2018 मध्ये आरएल हातात पडला त्या दिवशी आई नुसती पत्रावरून हात फिरवत बसली होती. नंतर लेआउटमधले शेजारी फाइली घेऊन घरी यायला लागले. "ताई, आमचंबी पाहून द्या ना जी." असं पाहून देता देता लक्षात आलं, हे काम मला जमतं आणि आवडतंही.

2019 च्या दिवाळीनंतर नोकरी सोडली. सासूबाईंना ते फार लागलं. "पांढरा कोट काढून दलाली करशील?" म्हणाल्या. मला त्यांचा राग आला नाही. दलाल म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो, त्याच्यामुळेच तर बाबांची 22 वर्षं त्या प्लॉटच्या काळजीत गेली होती.

जानेवारी 2020 मध्ये 10,000 रुपये शुल्क भरून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, एजंट म्हणून नोंदणी केली. ती लागते नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. जुनी घरं आणि सुटे प्लॉट तिच्याविना विकता येतात. तरी मला ती पहिल्या दिवसापासून हवी होती. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये जुन्या लॅबमधून फोन आला आणि ऑगस्टपर्यंत मी सकाळी पुन्हा तिथेच काम केलं. घर त्यावर चाललं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. 1 सप्टेंबरपासून सरकारने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी कमी केलं, रजिस्ट्री ऑफिसबाहेर रांगा लागल्या आणि आमचा पहिला व्यवहार त्याच गर्दीत झाला.

चूक सांगितल्याशिवाय वाटचाल पुरी होणार नाही. 2021 मध्ये मनीष नगरकडचा एक प्लॉट होता. वडील वारलेले, आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, आई आणि दोन भाऊ. आरएल होता, टॅक्स भरलेला होता, बँकेने कर्ज मंजूर केलं होतं. खरेदीदाराने 2 लाख इसार दिला. रजिस्ट्रीच्या आदल्या संध्याकाळी छिंदवाड्याहून एक बाई ऑफिसात आल्या. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मी यांची सख्खी बहीण. माझं नाव कुठंच नाही का त्या कागदावर?"

नव्हतं. वारसांची नावं चढवताना त्यांचं सोडून दिलं होतं. मी आखीव पत्रिका पाहिली, पण तिच्यामागचा फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, काढला नाही. लॅबमध्ये ट्यूबवर नाव नसेल तर सॅम्पल मशीनवर लावायचंच नाही, हे मी नव्या मुलींना शिकवत असे, आणि इथे एक अख्खं नाव माझ्या नजरेतून सुटलं होतं. रजिस्ट्री थांबवली. चार महिने गेले. शेवटी ताईंचं नाव चढलं, त्यांनी आपला हिस्सा घेऊन सही केली. आम्ही त्या व्यवहारात कमिशन घेतलं नाही. तेव्हापासून वारसाचा प्लॉट आला की फेरफार काढतोच, आणि विकणाऱ्यांच्या घरी जाऊन चहा पिता पिता विचारतो, बहिणी किती, कुठे दिल्या? हा प्रश्न ऑफिसात विचारला तर उत्तर नीट मिळत नाही. स्वयंपाकघरातून आई बरोबर सांगते.

दुसरी गोष्ट बेलतरोडीच्या एका म्हाताऱ्या शेतकरी काकाजींनी शिकवली. मे महिन्यात मी त्यांच्या शेजारच्या लेआउटमध्ये ग्राहकाला मुरूम टाकलेला रस्ता दाखवत होते. ते म्हणाले, "बाई, उनायात पायला तं सारेच प्लॉट चांगले. पावसात ये." मी जुलैत गेले. तो कोपरा गुडघाभर पाण्यात होता, जुना नाला तिथूनच वाहत होता. पुढे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून ग्राहक स्वतःच नाल्याचं विचारतात. आमच्या गाडीच्या डिकीत पावसाळाभर गमबूट असतात.

त्याच वर्षी महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. कित्येक जुने लोक चिडले. मला बरं वाटलं. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, एवढं एक कलम जरी प्रत्येक एजंटाने ग्राहकाला समजावून सांगितलं, तर कितीजणांची बचत वाचेल. डीएमएलटीनंतर पहिल्यांदाच पेपरला बसले आणि पास झाले. ते प्रमाणपत्र सासूबाईंनी स्वतः फ्रेम करून आणलं. ऑफिसात दारासमोर तेच लावलं आहे.

सध्या जुन्या लॅबमधल्या सफाईच्या मावशींसाठी वन आरके शोधतो आहोत. बजेट लहान आहे, म्हणून निवड कमी. तीन पाहिले, तिन्ही मी नको म्हटले: एकाचा नकाशा मंजूर नव्हता, दोन इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला वापरण्याची परवानगी, नव्हतं. चौथा उमरेड रोडला आहे. कागद भाचीने परवा तपासले, ठीक आहेत. आता फक्त एक दणदणीत पाऊस व्हायचा राहिलाय. झाला की मावशींना घेऊन जाऊ.