आमची वाटचाल : टेंडरच्या पाकिटातून बाहेर

आमची फर्म लहान, कामं मात्र बहुतेक एकाच जातीची: गृहनिर्माण संस्थांसाठी परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधणं. सुरुवातीची वर्षं आम्ही चारचौघांसारखीच काढली. सर्वांत कमी दर भरून काम घ्यायचं आणि कमी भरलेलं जादा कामाच्या बिलांतून वसूल करायचं, हा धंद्याचा अलिखित नियम. अशा घरांत भाडं वाढवून खर्च भरून काढायची सोय संस्थेला नसते. त्यामुळे तिचा इंजिनिअर प्रत्येक बिलावर लाल पेन घेऊन बसलेला आणि आमचा माणूस प्रत्येक ड्रॉइंगमध्ये खोट शोधत असलेला. इमारतीआधी पत्रव्यवहाराची फाइल उभी राहायची.

हे दुखणं जुनंच. ब्रिटनमध्ये १९९४ साली सर मायकेल लेथम यांनी बांधकाम धंद्यातल्या या भांडखोरपणावर अहवाल दिला. १९९८ मध्ये सर जॉन ईगन यांच्या समितीने तर आकडेच मांडले: दरवर्षी खर्च आणि कालावधी १०-१० टक्क्यांनी, दोष २० टक्क्यांनी कमी करा. तिथल्या गृहनिर्माण संस्थांनी पार्टनरिंग, म्हणजे संस्था आणि कंत्राटदाराने नकाशापासूनच एकत्र बसून काम करण्याची पद्धत, उचलून धरलं, कारण त्या त्याच प्रकारची घरं पुन्हा पुन्हा बांधतात आणि पुढे वर्षानुवर्षं सांभाळतातही. दर कामाला नवा कंत्राटदार म्हणजे मागच्या कामात शिकलेलं सगळं वाया.

आमच्याकडे हे आलं ते एका संस्थेने दर मागण्याआधी कच्चे नकाशे समोर ठेवले तेव्हा. बैठकीला त्यांचा देखभालीचा सुपरवायझर होता. एरवी हा माणूस इमारत ताब्यात आल्यावरच उगवतो. त्याने बाथरूममागच्या डक्टवर बोट ठेवलं. "पाइप बसतील हो, पण गळती लागल्यावर प्लंबर आत शिरून पाना कसा फिरवणार?" डक्ट रुंद केली, बाथरूम थोडं आखडलं. सगळं कागदावर, खोडरबरच्या खर्चात. जुन्या पद्धतीत आम्ही नकाशाबरहुकूम बांधलं असतं आणि पुढे तोडफोडीचं वेगळं बिल लावलं असतं.

अवघड गेलं ते ओपन बुक. सिमेंट-सळईचे खरेदीदर, मजुरी, ऑफिसखर्च, सगळं संस्थेच्या अकाउंटंटसमोर. आमच्या नफ्याचा आकडा त्याने मोठ्याने वाचला तेव्हा मला उगाचच चोरी पकडल्यासारखं झालं. पण या व्यवस्थेचं मर्म तिथेच आहे. नफा खर्चाच्या टक्केवारीत दिला तर खर्च वाढण्यातच कंत्राटदाराचं भलं. म्हणून आम्ही नफ्याची रक्कम आधी पक्की करतो, मग लक्ष्य खर्च ठरवतो. त्याखाली वाचलेलं दोघांत वाटायचं आणि वर गेलेलंही दोघांनी सोसायचं. ही वाटणी लिहिलेली नसेल तर पार्टनरिंग म्हणजे चहापाण्याच्या बैठका, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं गोड मात्र नाही. संस्थेचा अधिकारी बदलला की पहिला प्रश्न येतो, "काम यांनाच का?" आणि तो रास्तच आहे, पैसा शेवटी लोकांचा. म्हणून मागच्या प्रत्येक कामाचा घरटी खर्च, लागलेला वेळ आणि हस्तांतरणानंतरच्या तक्रारी आम्ही हाताशी ठेवतो.

दुसरी गोष्ट जास्त खुपते. हे सख्य बऱ्याचदा मुख्य कंत्राटदारापाशीच संपतं. एका मोठ्या कामावर आम्ही पोटकंत्राटदार होतो. साइट ऑफिसच्या भिंतीवर हातात हात घेतलेलं पोस्टर, आणि त्याच टेबलावर आमची बिलं महिनोन्महिने पडलेली. आता आमच्या कामांत प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नकाशाच्या टप्प्यापासून बैठकीला असतात आणि त्यांचं पेमेंट किती दिवसांत द्यायचं हे करारातच येतं. त्या एका कलमावर मात्र प्रत्येक नव्या संस्थेशी अजून हुज्जत घालावी लागते.