संत ब्रिजिडच्या सणाची आदली रात्र

आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडचा सण १ फेब्रुवारीला येतो, पण घराघरांतली खरी लगबग आदल्या संध्याकाळी असते. डब्लिनच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवरच्या किल्डेअरला ब्रिजिडने मठ स्थापला, अशी परंपरा सांगते. त्या परिसरातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे मी ३१ जानेवारीला मुक्कामाला होतो.

मुलांनी दुपारीच पाणथळ कुरणातून लव्हाळे आणले होते. ते कापायचे नसतात, मुठीत धरून उपटायचे असतात. घरच्या आजींचे माहेर आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले, त्यामुळे तिकडची रीत इथेही पाळली जाते. दिवेलागणीला नात लव्हाळ्यांची पेंढी घेऊन बाहेर गेली, तिने दार तीनदा ठोठावले आणि ब्रिजिडला आत घेण्यास सांगितले; आतून सर्वांनी तिचे स्वागत असो, असे एका सुरात म्हटले. पेंढी टेबलाखाली ठेवून, भरपूर लोणी घातलेल्या कुस्करलेल्या बटाट्यांचे जेवण झाल्यावरच त्या लव्हाळ्यांचे ब्रिजिडचे क्रूस विणायला घेतले.

एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्याभोवती घालायची, सगळे पाव फेरा फिरवायचे आणि नवी काडी दुमडून आधीच्या काड्यांवर घट्ट ओढायची. असे करता करता मध्यभागी चौकोनी वीण उमटते आणि चार बाजूंना चार हात फुटतात. शेवटी त्यांची टोके दोऱ्याने आवळतात. अंगठा मध्यावरून उचलला की वीण सैल पडते, हे आजींनी माझा हात धरून दाखवले. तयार क्रूस दारावर लावतात. तो घराचे आगीपासून रक्षण करतो, अशी श्रद्धा आहे.

झोपण्यापूर्वी आजींनी कापडाचा एक तुकडा कुंपणावर टाकला. रात्री ब्रिजिड त्याला स्पर्श करून जाते, असे मानतात, आणि मग तो डोकेदुखीवर किंवा अडलेल्या गायीसाठी वर्षभर जपतात. ब्रिजिड ही गुरांची आणि दुधालोण्याची राखणदार. हिवाळा सरून गायी विण्याचे दिवस जवळ येतात तेव्हाच तिचा सण येतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटले.

दुसऱ्या दिवशी टली येथील तिच्या विहिरीवर गेलो. तिथल्या झाडाला भाविकांनी चिंध्या बांधल्या होत्या. २०२३ पासून या सणाची देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि किल्डेअरमध्ये कार्यक्रमही पुष्कळ होतात. तरीही ज्यांना हा सण पाहायचा आहे त्यांनी ३१ जानेवारीची संध्याकाळ चुकवू नये, कारण पुरोहिताविना, घरातल्या लेकीबाळींच्या हातून होणारे हे विधी सकाळपर्यंत आटोपलेले असतात.