जोडी क्र. ३: कार्बनचं भूत उतरलं

मी स्वतःच्या स्की घरीच बनवतो. काल जोडी क्र. २ मधली एक स्की करवतीने कापली. लाकडी गाभ्याच्या वर-खाली नुसतं कार्बन फायबरचं कापड घातलेली तीच, जिचं मी वर्षभर कौतुक करत होतो. टाचेजवळ तळहाताएवढा भाग कोरडाच निघाला. नखाने धागे सुटत होते. काचेच्या धाग्यांचं कापड (फायबरग्लास) इपॉक्सी, म्हणजे थर चिकटवणारं रेझिन, प्यायलं की ओल्या मलमलीसारखं आरपार दिसतं, आणि पांढरा डाग राहिला तर लगेच कळतो. कार्बन मात्र कोरडंही काळं, भिजलेलंही काळं.

पण खरी चूक वेगळीच होती. कापड एकाच दिशेच्या धाग्यांचं, सगळे लांबीला. त्यामुळे स्की वाकायला ताठ, पिळायला लेचीपेची. इथे कोलोरॅडोत सकाळी उतार काचेसारखा गोठलेला असतो. तिथे वळण घेताना पुढच्या टोकाची कड पकड सोडून द्यायची आणि मी जाळीपर्यंत घसरत जायचो.

म्हणून आता वर-खाली ट्रायअ‍ॅक्सियल, म्हणजे तीन दिशांच्या धाग्यांचं, काचेचं कापड, चौरस मीटरला ७५० ग्रॅमचं. लांबीचे धागे वाक सांभाळतात, ४५ अंशांतले तिरके धागे पीळ. आणखी ताठ हवी असेल तर लाकूड जाड ठेवायचं. गाभा ११ऐवजी १२ मिमी ठेवला की ताठपणा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, तोही जवळजवळ फुकटात. हे आधी कळलं असतं तर खिसा वाचला असता.

कार्बन अगदीच सोडवलं नाही. मधोमध ५० मिमीची पट्टी ठेवली आहे, वरही आणि खालीही. सगळे थर दाबून चिकटवणारा प्रेस मी गरम करतो. कार्बन उष्णतेने जवळपास फुगत नाही, त्यामुळे एकाच बाजूला घातलं तर थंड होताना स्कीची कमान (मधला उचललेला बाक) बिघडते. पट्टी स्टीलच्या कडांपासून लांबच ठेवली आहे. कार्बन स्टीलला टेकलं आणि ओल लागली की कड लवकर गंजते.

कंप कमी करायला फ्लॅक्सचं कापडही आणलंय. फ्लॅक्स म्हणजे आपलं जवसच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चटणी करायची सोडून त्यावरून घसरणार?" ते इपॉक्सी फार पितं, म्हणून सध्या स्कीच्या एकाच तुकड्यावर चाचणी.

गाभे रंधून झालेत, कडा वाकवून बसवल्यात. त्यांच्यावर घालायच्या रबराच्या पट्ट्या अजून कापायच्या आहेत. या वेळी कापड आणि इपॉक्सी दोन्ही काट्यावर तोलून घेणार, नजरेच्या अंदाजाने नाही. शनिवारी प्रेस.