जागलीवरचे भागाकार

रात्री साडेबाराची लाईन पावणेदोनला आली. तोवर हरभऱ्याच्या वावरात माळ्यावर बसून होतो. पाणी द्यायचं होतं, रानडुकरंही हाकलायची होती. सोबत पुतण्याची जुनी वही.

गेल्या आठवड्यात त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं : 2, 3, 5, 7 अशा मूळ संख्या ओळीनं गुणत जा, एक मिळव, मूळ संख्याच येते. 7, 31, 211, 2311. पोरगं खूश. पुढचं मी पडताळलंच नव्हतं.

13 पर्यंतचा गुणाकार 30030. त्यात एक मिळवला की 13 पर्यंतच्या कुठल्याही मूळ संख्येनं भागा, बाकी एकच. म्हणून 17 पासून सुरू केलं. अकरावा भागाकार 59 चा, तो निःशेष गेला. 59 गुणिले 509. जुन्या काळच्या ग्रीक गणिती युक्लिडनं एवढंच दाखवलं होतं की यादीबाहेरचा मूळ अवयव सापडतो. बाकीचं माझ्या पदरचं.

"काय खरडून राहिला रे?" खालून बाबांचा आवाज. "हिशोब," म्हटलं. खोटं नव्हतं.

मग एक मिळवणं सोडून पुढं गेलो. गुणाकारात एकाहून मोठं किमान किती मिळवलं की मूळ संख्या येते? 30 मध्ये 7, म्हणजे 37. 210 मध्ये 11 मिळवले तर 221, ते 13 गुणिले 17. 13 मिळवले की 223, जमलं. 2310 नं मात्र दमवलं. 13, 17, 19 तिन्ही वाया, 23 ला 2333 आली. 30030 ला पहिल्याच फटक्यात 17.

मिळवलेला आकडा दरवेळी मूळच! न्यूझीलंडचे मानववंशशास्त्रज्ञ रिओ फॉर्च्यून यांचा अंदाज होता की नेहमी असंच होणार. अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. थोडं कारण दिसतं : 2310 मध्ये मिळवायच्या आकड्याला 11 पर्यंतचा अवयव चालत नाही, नाहीतर बेरीजही त्यानंच भागली जाईल. म्हणजे तो संयुक्त असायचा तर किमान 13 गुणिले 13, 169 हवा. तेवढं लांब जावंच लागत नाही. पण कधीच लागणार नाही, हे कशावरून?

510510 मध्ये 19 मिळवून 43 पर्यंत भागून झालं होतं, तेवढ्यात मोटर घुरघुरली. पोचायचं होतं सातशेच्या वर. बारे फोडायला धावलो. वही माळ्यावरच राहिली, सकाळी दवानं ओली. पुतण्याला 59 चं अजून सांगितलेलं नाही.