मयताचं सामान न्यायला येण्याआधी

आमच्या घरच्या दुकानात फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सामान किती वेळात मिळंल?’ सामान अर्ध्या तासात बांधून होतं. पण त्या अर्ध्या तासात घरी जे करायचं ते राहून गेलं, तर पुढं दिवसभर अडचण होते.

मृत्यूनंतर दोन-तीन तासांत शरीर ताठरायला लागतं, आणि सुरुवात पापण्या व जबड्यापासून होते. म्हणून डोळे लगेच मिटवा. हनुवटीखालून कापडाची पट्टी डोक्यावर घेऊन बांधा, हात-पाय सरळ करून पायांचे अंगठे जोडून बांधा. लिंगायत घरात बसवून समाधी द्यायची असते, तिथं तर हे फारच महत्त्वाचं. मांडी लवकर घातली नाही, तर नंतर चारजण लागूनही जमत नाही. अंग ताठरलंच असेल तर हिसका देऊ नका. सांधा सावकाश चोळत हलवा, तो मोकळा होतो.

नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून अनेकजण विषयच सोडून देतात. त्यानं काही अडत नाही.

मृत्यू घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४-अ, आधी घ्या. पडून, भाजून, विषानं, सर्पदंशानं मृत्यू झाला असेल तर अंघोळ घालू नका, आधी पोलिसांना कळवा. पंचनामा आणि गरजेप्रमाणे शवविच्छेदन झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही. छातीत पेसमेकर असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्या. आगीत त्याची बॅटरी फुटते आणि जवळ उभ्या असलेल्यांना इजा होऊ शकते.

आता तिरडी. साडेसात-आठ फुटांचे दोन बांबू, मध्ये दीड-पावणेदोन फूट अंतर, आडव्या कामट्या, वर कडबा किंवा पेंढा. बांबू ओलसर हिरवा घ्यावा, तो वाकतो पण तुटत नाही. वाळून किडलेला बांबू बाहेरून चांगला दिसतो आणि खांद्यावर घेतल्यावर फुटतो. उचलण्याआधी दोघांनी दोन टोकं धरून हिसका द्यावा, करकर आवाज आला तर तो बाजूला ठेवावा. बांधायला सुतळीच, पाण्यात बुडवून घेतलेली. नायलॉनच्या गाठी भार पडला की सरकतात आणि आगीत वितळून चिकटतात. पॉलिस्टरची शाल आणि प्लॅस्टिकच्या फुलांचे हारही असेच, ते चितेवर जाण्याआधी काढून घ्या. कापड सुती मांजरपाटच बरं.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो: जळण विकत घेऊ नका. कोल्हापुरात महापालिका लाकूड आणि शेणी (गोवऱ्या) देते, अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. होळीला लोक पंचगंगा स्मशानभूमीला शेणी दान करतात, त्यांचा इथं फार आधार होतो. चिता रचताना शेणींत हवा खेळायला फट हवी. छाती आणि कंबरेचा भाग सगळ्यात उशिरा जळतो, तिथं जळण जास्त लागतं. पावसाळ्यात शेणी दमट असतात, नुसता धूर होतो. मग बरेचजण डिझेल ओततात. वरचा भाग भडकतो, आत तसंच राहतं. राळ, तूप आणि खालच्या थरात कोरडं लाकूड हाच उपाय. पंचगंगेला पूर असेल तर नदीकाठच्या स्मशानात पाणी शिरतं. अशा दिवसांत कदमवाडी, बापट कॅम्प, कसबा बावडा यांपैकी कुठं सोय आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा. तिरडी घेऊन मागं फिरणं फार वाईट.

नातेवाईक लांबून येणार असतील तर शीतपेटी लागते. ती सपाट जागी, भिंतीपासून थोडी दूर ठेवा आणि अंगणात उन्हात नको. बारीक वायरची एक्स्टेंशन तापते, म्हणून सरळ जाड पिनच्या सॉकेटला लावा. प्रत्येक दर्शनाला झाकण उघडू नका, काचेतून दिसतंच. सारखं उघडलं की आत दव धरतं, कापड ओलं होतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. अर्जावरचं नाव आधार आणि सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वारसनोंद याच ठिकाणी अडते. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच मागून घ्या.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडताना आधी पाणी शिंपडा, राखेखाली निखारा जिवंत असू शकतो. मडकं न्या, प्लॅस्टिकची पिशवी वितळते. रक्षा नदीत न सोडता शेतात झाड लावणार असाल तर खड्ड्यात ती मातीत नीट मिसळा. नुसती राख मुळाशी ओतली तर रोप करपतं.